घरातला कला-स्टुडिओ नव्याने लावताना: मोजपट्टीपासून पहिल्या फटकाऱ्यापर्यंत

स्टुडिओची घडी बिघडली आहे की नाही, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. खोलीत पाऊल टाकल्यापासून कागदावर पहिला फटकारा पडेपर्यंत किती मिनिटं जातात आणि त्यासाठी किती वस्तू उचलून बाजूला ठेवाव्या लागतात, ते मोजा. पाच मिनिटांहून जास्त वेळ जात असेल किंवा तीनहून जास्त वस्तू हलवाव्या लागत असतील, तर मांडणी चुकली आहे. नवे डबे आणि नवी फडताळं आणून हा वेळ कमी होत नाही. उलट बहुतेक स्टुडिओंत पसाऱ्याचं खरं कारण एकच असतं: ओल्या चित्राला ठरलेली जागा नसते. ते चित्र टेबलावर सुकत पडतं, टेबलावरचं सामान खुर्चीवर जातं, खुर्चीवरचं जमिनीवर. हे साखळीसारखं चालू राहतं.

खाली दिलेला क्रम साधारण तीन मीटर बाय साडेतीन मीटरच्या खोलीसाठी आहे. तैलरंग, ॲक्रिलिक, जलरंग आणि पेस्टल-चारकोल ही सगळी माध्यमं धरली आहेत. तुमच्याकडे खोलीचा फक्त एक कोपरा असेल, तरी क्रम तोच ठेवा. सलग तीन दिवस काढा. भिंती रंगवणार असाल तर रंगकामाचे दोन दिवस वाढवा आणि पायरी ४ मध्ये सांगितलेला आठवडा वेगळा धरा.

आधी हाताशी काय हवं

- पाच मीटरची मोजपट्टी, आलेख कागद, पेन्सिल, कात्री
- मास्किंग टेप आणि जाड मार्कर
- चार मोठे खोके
- घट्ट झाकणाचा धातूचा डबा, किमान पाच लिटरचा
- नायट्राइल हातमोजे आणि धुळीसाठी एन९५ मास्क
- ब्रश धुण्याचा मऊ साबण आणि थोडं जवसाचं तेल
- तळहाताएवढा सपाट आरसा
- छोटा आर्द्रतामापक
- कॅनव्हासमध्ये घालायला जाड, सपाट पुठ्ठे
- स्पिरिट लेव्हल आणि स्क्रूड्रायव्हर

एन९५ मास्क फक्त धूळ अडवतो. तैलरंग पातळ करणाऱ्या टर्पेंटाइनची वाफ त्यातून सरळ आत येते, म्हणून त्याच्या भरवशावर असे द्रावक हाताळू नका.

१. रिकामं करण्याआधी नकाशा काढा

खोलीचा नकाशा १:२० या प्रमाणात काढा, म्हणजे एक मीटरला पाच सेंटिमीटर. तीन बाय साडेतीन मीटरची खोली १५ × १७.५ सेंमी होते आणि ए४ कागदावर सहज बसते. खिडकीची रुंदी, तिच्या कट्ट्याची जमिनीपासूनची उंची, दार उघडल्यावर व्यापतं ती जागा, विजेचे प्लग आणि सर्वांत जवळचा नळ, हे सगळं त्यावर घ्या. टेबल, इझल (चित्र टेकवायची घोडी), कपाट यांचे तुकडे त्याच मापात कापा आणि नकाशावर सरकवून पाहा. कपाट खरोखर ओढण्यापेक्षा कागदाचा तुकडा सरकवणं केव्हाही सोपं.

त्याच दिवशी एका जागी उभं राहून सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ वाजता खोलीचे फोटो काढा. उन्हाची तिरीप कुठल्या भिंतीवर कधी येते, हे या चार फोटोंतून कळतं. इझल, कागदाचे खण आणि रंगांच्या ट्यूब, तिन्हींच्या जागा त्यावरून ठरतात.

इझलचं पाऊल साधारण ६० × ६० सेंमी असतं, पण त्याला लागणारी जागा त्याहून कितीतरी मोठी. चित्र पाहायला किमान दीड ते दोन मीटर मागे जाता आलं पाहिजे. कोपरा मोकळा दिसतो म्हणून इझल तिथे ढकलायचं आणि समोर टेबल लावायचं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. मग चित्र हातभर अंतरावरूनच रंगवलं जातं आणि प्रमाणं चुकतात. मागे जागा नसेलच तर चित्राच्या समोरच्या भिंतीवर आरसा लावा. वळून त्यात पाहिलं की अंतर जवळपास दुप्पट मिळतं आणि प्रतिमा उलटी दिसत असल्याने रेखाटनातला तिरकेपणाही लगेच डोळ्यांत भरतो.

२. सामान माध्यमानुसार बाहेर काढा आणि तपासा

सगळी खोली एकदम उपसू नका. एक माध्यम बाहेर काढा, तपासा, खोक्यात भरा, मग पुढचं घ्या. चार खोक्यांवर लिहा: रोज लागतं, महिन्यातून लागतं, दुरुस्त करायचं, बाहेर. ‘कधीतरी लागेल’ असा पाचवा खोका करू नका. सगळं त्यातच जाऊन बसतं.

*तैलरंग.* ट्यूबचं झाकण अडकलं असेल तर पक्कडीने पिळू नका, ट्यूब मानेपाशी फाटते. झाकणाचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, मग कापडाने पकडून फिरवा. उघडल्यावर आट्यांवरचा रंग पुसून टाका, कारण पुढच्या वेळी झाकण अडकवतो तो हाच रंग. दाबल्यावर आधी नुसतं तेल येत असेल तर रंग खराब झालेला नाही. तेल रंगद्रव्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर येतं. अशी ट्यूब झाकण खाली करून ठेवा. तेल शेपटीकडे जमतं आणि तोंडाशी दाट रंग येतो.

*ॲक्रिलिक.* आतून घट्ट झालेलं ॲक्रिलिक पुन्हा मऊ होत नाही, ते थेट बाहेरच्या खोक्यात. गोठून पुन्हा वितळलेला रंग फाटलेल्या दुधासारखा दिसला तर तोही गेला. कुजका, आंबट वास म्हणजे आत बुरशी किंवा जिवाणू वाढले आहेत. वरचा थर काढून खालचा वापरण्याचा मोह टाळा.

*जलरंग आणि गॉश (अपारदर्शक जलरंग).* वाळलेली जलरंगाची ट्यूब फेकू नका. उभी चिरा, आतला खडा पॅनमध्ये ठेवा आणि चार-पाच थेंब पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी तो पॅनच्या रंगासारखा वापरता येतो, कारण यातला डिंक पाण्यात परत विरघळतो. पॅनची डबी मात्र ओली असताना बंद करू नका. रात्रभर उघडी ठेवली की बुरशीचा प्रश्नच येत नाही.

*रंगद्रव्याचा क्रमांक.* तपासणी चालू असतानाच प्रत्येक ट्यूबवरचा क्रमांक वाचा. दोन कंपन्यांची दोन वेगळी सुंदर नावं आणि आत तेच पीबी २९, म्हणजे अल्ट्रामरीन, असं फार वेळा निघतं. पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल. क्रमांकानुसार ट्यूब लावल्या की दुबार खरेदी थांबते.

काही रंग उजेडात फिके पडतात. जुना अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, त्यातलाच. फ्लुरोसंट रंजक घातलेले झगझगीत गुलाबीही तसेच. शंका असेल तर कागदावर पट्टी रंगवा, अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि सहा ते आठ आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग वहीपुरता ठेवा, भिंतीवर लागणाऱ्या चित्रात नको.

झिंक पांढऱ्याबद्दल, म्हणजे पीडब्ल्यू ४ बद्दल, एक सूचना. तेलात तो कालांतराने ठिसूळ होतो आणि थर तडकतो. तैलरंगात खालच्या थरांना तो वापरू नका. जलरंगात हरकत नाही.

३. ब्रश: बोटांनी तपासा

ब्रश नुसता पाहून कळत नाही. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात, ती जागा अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबा. मऊ लागली तर ब्रश ठीक. आत कडक गाठ लागली तर तिथे रंग वाळून बसला आहे. केसांची टोकं फाकतात ती या गाठीमुळेच. टोकं कितीही धुतली तरी ती मिटत नाहीत.

गाठ तैलरंगाची असेल तर मऊ साबणाचा जाड लेप मुळाशी चोळून रात्रभर ठेवा, सकाळी कोमट पाण्याने धुवा. दोन-तीन रात्री लागू शकतात. ॲक्रिलिकची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फक्त केस बुडतील एवढा ब्रश टांगा आणि दर काही मिनिटांनी हाताने चोळून पाहा. दांड्यावरचा रंगाचा लेप अल्कोहोलने सुटतो, म्हणून दांडा बुडू देऊ नका. उकळतं पाणी कुठल्याच ब्रशला नको. नळीतला चिकटा सैल होऊन केस गळतात.

धुतल्यावर ओठांनी टोक काढण्याची सवय असेल तर आजच सोडा. कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिसं असलेल्या रंगांशी हा खेळ नको. बोटांनी टोक काढा आणि ब्रश आडवा सुकवा. केस वर करून बरणीत उभा ठेवायचा तो पूर्ण वाळल्यावर. ओला ब्रश असा उभा ठेवला की पाणी नळीत उतरतं, लाकूड फुगतं, वाळल्यावर आकसतं आणि नळी खिळखिळी होते. पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा ठेवणं त्याहून वाईट, कारण टोक कायमचं वाकतं.

सेबल आणि हॉग अशा नैसर्गिक केसांच्या ब्रशना कसर लागते. रोज वापरातला ब्रश सहसा वाचतो. खणात महिनोन्महिने पडलेला खाल्ला जातो. असे ब्रश स्वच्छ, कोरडे करून झाकणाच्या डब्यात ठेवा.

४. भिंती आणि जमीन

भिंतीचा रंग कॅनव्हासवर पडतो. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड पिवळाच असतो. त्याची भरपाई म्हणून तुम्ही नकळत निळा जास्त घालता आणि चित्र दुसऱ्या खोलीत नेल्यावर ते थंड पडलेलं दिसतं. इझलमागची आणि तुमच्या पाठीमागची, निदान या दोन भिंती फिक्या, उदासीन राखाडी आणि मॅट असाव्यात. छत पांढरंच ठेवा, तिथून उजेड पसरतो. राखाडी निवडताना नमुन्याची पट्टी पांढऱ्या कागदाशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. बरेच राखाडी तेव्हा निळसर, हिरवट किंवा जांभळट निघतात. ज्यात असा कुठलाच कल दिसत नाही, तो घ्या.

रंग किती लागेल? तीन बाय साडेतीन मीटरची खोली, उंची २.८ मीटर. चारही भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस मीटर. दार-खिडकी वजा केल्यावर ३३. दोन हात म्हणजे ६६. पाण्यातला इमल्शन रंग एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर झाकतो, म्हणून सात लिटर धरा. दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेआधी मारू नका. रंगकामानंतर आठवडाभर कागद खोलीत आणू नका. नव्या भिंतीतून ओल सुटत असते.

जमिनीवर इझल आणि टेबलाखाली सलग विनाइलचा तुकडा घाला, तो चारही बाजूंनी ५० सेंमी बाहेर यावा. कडा टेपने चिकटवा, नाहीतर मागे सरकताना पाय अडकतो. कापडी चादर नको. तिच्यातून रंग झिरपतो आणि पेस्टलची धूळ तिच्यात मुरते.

५. उजेड: इथे वेळ घाला

या पायरीत घाई केली तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या फुकट जातात, कारण रंग दिसतो तो उजेडामुळेच.

खिडकी असेल तर उत्तर गोलार्धात उत्तरेकडची आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडची सर्वांत चांगली. तिथून थेट ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड एकसारखा राहतो. तुमची खिडकी दुसऱ्या दिशेला असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. रंगीत पडदा नको. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्यांना उजवीकडून. हाताची सावली रेषेवर पडत नाही.

दिवा विकत घेताना खोक्यावरचे तीन आकडे वाचा.

पहिला केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर याचा आकडा. ४००० ते ५००० च्या मधला घ्या. २७०० चा पिवळा दिवा पिवळ्या आणि पांढऱ्यातला फरक गिळून टाकतो. ६५०० चा निळसर दिवा उबदार रंग मेलेले दाखवतो.

दुसरा सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा १०० पैकी आकडा. ९० च्या वर हवा, ९५ मिळाला तर उत्तम. एक खोच इथे लक्षात ठेवा. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो ‘आर ९’ नावाने वेगळा दिला जातो. कातडीचे रंग किंवा लाल फुलं रंगवत असाल तर आर ९ किमान ५० असलेला दिवा शोधा.

तिसरा ल्युमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. खोलीचं क्षेत्रफळ साडेदहा चौरस मीटर, सर्वसाधारण उजेड ५०० लक्स हवा, म्हणजे ५,२५० ल्युमेन खाली पोचायला हवेत. भिंती आणि छत त्यातले बरेच खातात, म्हणून दिव्यांची बेरीज ८ ते १० हजारांपर्यंत न्या. २,००० ल्युमेनच्या चार-पाच एलईडी ट्यूब पुरतात.

जास्त उजेड म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. छपाईच्या क्षेत्रात नमुने तपासण्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ५००० केल्विनचा उजेड धरून बारीक तुलनेसाठी २,००० लक्स आणि प्रत्यक्ष वापरात चित्र कसं दिसेल हे पाहण्यासाठी ५०० लक्स सांगितले आहेत. फार प्रखर उजेडात केलेलं चित्र बैठकीच्या खोलीत काळवंडलेलं दिसतं, मंद उजेडात केलेलं बाहेर आल्यावर फिकं आणि भडक. इझलवर ७०० ते १,००० लक्स ठेवा आणि शेवटच्या टप्प्यात अर्धे दिवे बंद करून चित्र एकदा पाहा.

जागेचं गणित सोपं आहे. छत २.८ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.४ मीटरवर असेल, तर दिवा चित्राच्या पुढे साधारण १.४ मीटर अंतरावर छताला लावा. उजेड ४५ अंशांत येतो. दिवा त्याहून मागे गेला की त्याची चमक चित्राच्या वरच्या भागात उतरते. आता तो लहान आरसा घ्या. कॅनव्हासवर सपाट टेकवा आणि नेहमीच्या जागी उभे राहा. आरसा वरपासून खालपर्यंत सरकवत न्या. ज्या जागी आरशात दिवा दिसेल, तिथे ओला तैलरंग चमकणार आणि तिथला गडद रंग तुम्हाला राखट दिसणार. दिवा चित्राकडे सरकवा किंवा इझलची वरची कड दोन बोटं पुढे झुकवा. पुन्हा आरसा लावा. आरशात फक्त भिंत दिसू लागली की झालं.

खिडकीचा आणि दिव्याचा उजेड एकाच वेळी चित्रावर येत असेल तर पांढरा कागद मधोमध धरा. एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी दिसली तर दिवा बदला किंवा पडदा ओढा. पॅलेट नेहमी चित्राच्याच उजेडात हवं. चित्र उजळ आणि पॅलेट सावलीत, अशा मांडणीत मिसळलेला प्रत्येक रंग चित्रावर वेगळा पडतो.

६. आधी सुकण्याची जागा, मग बाकीच्या जागा

नकाशावर सर्वांत आधी हीच जागा आखा. एका भिंतीवर १० सेंमी खोलीच्या, पुढे लहान पट्टी ठोकलेल्या तीन लांब फळ्या लावा, एकमेकींपासून ६० सेंमी अंतरावर. दोन मीटर लांबीच्या तीन फळ्यांवर मध्यम आकाराची आठ-दहा चित्रं उभी राहतात आणि जमीन अडत नाही. उंबरसारखे मातीचे रंग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडे लागतात. कॅडमियम, टायटॅनियम पांढरा आणि आयव्हरी काळा आठवडा किंवा त्याहूनही जास्त घेतात. म्हणून तुम्ही महिन्याला किती चित्रं करता हे मोजून त्याच्या निम्म्या चित्रांना पुरेल एवढी तरी लांबी ठेवा.

ओलं तैलचित्र धूळ टाळायला बंद कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच असेल तर ते चित्र काही आठवडे उजेडात, पण थेट उन्हात नको, ठेवल्यावर पिवळेपणा बराचसा उतरतो. जलरंगाचे कागद फळीसकट आडवे सुकवा. उभे केले तर वॉश (पाणीदार रंगाचा हात) खाली ओघळून कडेला रेघ उमटते.

उरलेली जागा ओल्या आणि कोरड्या कामात वाटा. ओल्याला नळाची बाजू आणि विनाइल, कोरड्याला हवेच्या झोतापासून दूरचा कोपरा. पेस्टलची धूळ ओल्या तैलचित्रावर बसली तर निघत नाही, म्हणून ही दोन कामं खोलीच्या दोन टोकांना ठेवा. पेस्टलसाठी फळी वरून किंचित पुढे झुकवा, खाली घडी घातलेल्या ओल्या कागदाचं तबक ठेवा; सुटलेली धूळ सरळ त्यात पडते. ती तोंडाने फुंकू नका आणि केरसुणीने झाडू नका. ओल्या फडक्याने टिपा.

उभ्याने काम करायच्या टेबलाची उंची कोपराच्या १० सेंमी खाली, बसून काम करायच्या टेबलाची ७२ ते ७५ सेंमी. पॅलेट आणि ब्रश काम करणाऱ्या हाताच्या बाजूला. हे चुकलं तर प्रत्येक फटकाऱ्याला हात चित्रावरून आडवा जातो आणि बाही रंगते.

७. हवा, द्रावक आणि चिंध्या

इथे चूक झाली तर नुकसान चित्राचं नाही, घराचं होतं. म्हणून नीट वाचा.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती उडून जाते. चुरगाळून बादलीत टाकलेल्या फडक्यांत ती अडकते, वाढत जाते आणि काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं. ठिणगी लागत नाही. अक्रोडाच्या आणि खसखशीच्या तेलालाही हेच लागू. काम संपलं की तेलाच्या चिंध्या धातूच्या डब्यात टाका, बुडतील एवढं पाणी घाला, झाकण लावा. दुसरा मार्ग म्हणजे उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवणं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून रात्रभर ठेवणं हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त वापरला जाणारा.

टर्पेंटाइन सुमारे ३५ अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ते उन्हाच्या खिडकीत किंवा हीटरजवळ नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साठते, म्हणून फक्त वरचं गवाक्ष उघडून भागत नाही. हवा एका बाजूने आत आणि समोरून बाहेर गेली पाहिजे: तुमच्या पाठीकडून चित्राकडे आणि तिथून पंख्याने बाहेर. टिश्यूची पातळ पट्टी नाकासमोर धरून पाहा. ती चित्राकडे वाकली तर झोत बरोबर. तुमच्याकडे वाकली तर सगळी वाफ तुम्ही ओढताय. बिनवासाचा द्रावकही वाफ सोडतोच, फक्त नाक सावध करत नाही.

वापरलेला द्रावक मोरीत ओतू नका. झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचा निवळ दुसऱ्या बरणीत काढून पुन्हा वापरा. तळाचा गाळ घातक कचऱ्यात जातो. ॲक्रिलिकचं आणि गेसोचं (कॅनव्हासला आधी द्यायच्या लेपाचं) पाणीही स्थिरावू द्या, गाळ सुकवून घन कचऱ्यात टाका; पाइपमध्ये तो दगडासारखा बसतो. फिक्सेटिव्ह (पेस्टल-चारकोल पक्कं करणारा फवारा) आणि स्प्रे व्हार्निश घराबाहेर मारा. रंगाचा वाळलेला थर कोरडा घासू नका, घासायचाच असेल तर ओल्या पॉलिश पेपरने. खाणंपिणं खोलीबाहेर.

८. कागद आणि कॅनव्हास ठेवायची पद्धत

कागद आडवा आणि सपाट ठेवा. ५६ × ७६ सेंमीचा पूर्ण कागद ए१ मापाच्या खणात बसतो, आतून किमान ८५ × ६० सेंमी. वजनाचा हिशेब आधीच करा: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा) असा एक कागद जवळपास १२८ ग्रॅम भरतो, शंभर कागद म्हणजे पावणेतेरा किलो. उथळ, जास्त खण घ्या. खोल खणातला तळचा कागद कुणी काढत नाही.

कच्च्या लाकडातून आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते आणि कागद तपकिरी पडतो. तळाशी आम्लरहित कागद अंथरा. आर्द्रता ४० ते ५५ टक्क्यांत ठेवा. ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो. फार दिवस दमट राहिलेल्या जलरंगाच्या कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) उतरतं, मग वॉश मारल्यावर मध्येच टीपकागदासारखे डाग शोषले जातात. असा कागद चारकोलला वापरा, जलरंगाला नाही.

कॅनव्हास उभे ठेवा, जमिनीपासून १० सेंमी वर, बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंमी सोडून. १० ते १५ सेंमी रुंदीचे उभे कप्पे आणि एका कप्प्यात तीन-चार. दोन कॅनव्हासांमध्ये त्यांच्याहून मोठा पुठ्ठा घाला. लहान चौकटीचा कोपरा मोठ्या कॅनव्हासच्या पोटात टेकला की खळगा पडतो. ताजा खळगा पाठीमागून किंचित ओल्या स्पंजने टिपल्यावर बहुतेक वेळा ताणला जातो, जुना मात्र राहतो.

ॲक्रिलिक उष्णतेत मऊ होऊन चिकटतं, म्हणून दोन ॲक्रिलिक चित्रं समोरासमोर ठेवायची नाहीत, मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद हवा. बबल रॅपचे फुगे चित्राच्या बाजूने लावले तर वर गोल ठसे कायमचे उमटतात. तैलचित्राला व्हार्निश ६ ते १२ महिन्यांनीच. मागे तारीख लिहून ठेवा, नाहीतर कुठलं कधीचं हे आठवत नाही.

९. सामान परत आत

‘रोज लागतं’ हा खोका आधी रिकामा करा आणि त्यातलं सगळं इझलजवळ, बसल्या जागेवरून हात पोचेल इतक्यात लावा. पॅलेटसाठी ६ मिमी जाडीची, कडा घासलेली ३० × ४० सेंमीची काच चांगली. खाली राखाडी कागद घातला की रंगाची छटा पांढऱ्यापेक्षा खरी कळते. महिन्यातून लागणारं सामान डोळ्यांच्या वर किंवा गुडघ्यांच्या खाली जाऊ द्या. कटर, पात्या आणि स्टेपलर एका झाकणाच्या तबकात. इथे जास्त विचार करायची गरज नाही.

पक्की लेबलं अजून लावू नका. प्रत्येक कप्प्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने नाव लिहा. पंधरा दिवस काम करा. एखादी वस्तू घ्यायला उठावं लागलं किंवा दुसरं काही हलवावं लागलं, की तिच्या टेपवर एक रेघ ओढा. तीन रेघा झाल्या की वस्तूची जागा बदला. पंधराव्या दिवशी दारातून आत येऊन पहिल्या फटकाऱ्यापर्यंतची मिनिटं पुन्हा मोजा. ज्या टेपवर एकही रेघ नाही, त्या कप्प्याचं लेबल आता पक्कं करा.